लाल झाडापासून लाल चौकोनापर्यंत

जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या कलासंग्रहालयात एक चित्र 1980 पासून उलटं टांगलेलं आहे. वरची बाजू खाली, खालची वर. त्याआधी 1945 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये ते लावलं होतं, तेव्हाही उलटंच. 2022 मध्ये ड्युसेलडॉर्फच्याच क्युरेटर सुझान मायर-ब्यूझर यांनी ही गोष्ट उघड केली आणि जगभर हशा पिकला. आमच्या फॅमिली ग्रुपवर बातमी आली तेव्हा एका काकांनी खाली लिहिलं, "ह्याला कला म्हणायचं, तर आमच्या जिन्याच्या जाळीलाही म्हणा."

काकांचं हसणं मला समजतं. पण बातमीतला एक भाग त्या हशात राहून गेला. चित्र उलटं आहे हे कळलं कसं? कॅनव्हासवर आडव्या-उभ्या रंगीत चिकटपट्ट्या आहेत, बस. त्या एका कडेला दाटीवाटीनं आल्या आहेत. याच चित्राचं तैलरंगातलं भावंड पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात आहे आणि त्यात ही दाटी वरच्या कडेला आहे. शिवाय 1944 चा, चित्रकाराच्या स्टुडिओचा एक फोटो सापडला. त्यात हे चित्र ईझलवर ठेवलेलं दिसतं आणि दाटी वरच आहे. म्हणजे या नुसत्या पट्ट्यांनाही डोकं आणि पाय होते. आता सरळ करावं, तर पट्ट्या इतक्या जुन्या झाल्यात की फिरवताना गळून पडायच्या. म्हणून ते आहे तसंच, उलटं, ठेवलंय.

हा चित्रकार म्हणजे पीट मॉन्ड्रियान. नाव माहीत नसलं तरी त्याची नक्षी तुम्ही पाहिलेली असते. पांढऱ्यावर जाड काळ्या रेघा आणि कुठेतरी एखादा लाल, निळा, पिवळा चौकोन. कपबशा, पडदे, पिशव्या, काय वाट्टेल त्यावर ती येते. 1965 मध्ये इव्ह सां लोराँ या फॅशन डिझायनरनं ती थेट झग्यांवर चढवली. त्यामुळे आपला समज असा होतो की कुणीतरी एके दिवशी फूटपट्टी घेऊन बसला आणि चौकोन आखून मोकळा झाला.

ही काळ्या रेघांची पद्धत नीट जमली तेव्हा मॉन्ड्रियान जवळजवळ पन्नाशीला आला होता. त्याआधी वीसेक वर्षं त्यानं नदी, गोठे, गायी, पवनचक्क्या आणि झाडं काढली होती. त्याचे चौकोन या झाडांमधून आलेत, आणि ते कसे आले हे एकेक पायरीनं दाखवता येतं. अमूर्त चित्रकलेत, म्हणजे ओळखू येईल अशी वस्तूच नसलेल्या चित्रांत, असं क्वचितच सापडतं.

मास्तरांचा मुलगा

जन्म 7 मार्च 1872, नेदरलँड्समधलं आमर्सफोर्ट. वडील प्रोटेस्टंट शाळेचे मुख्याध्यापक, धर्माचे पक्के आणि चित्रकलेचा नाद असलेले. फ्रित्सकाका तर निसर्गचित्रकारच. ते पुतण्याला बरोबर घेऊन उघड्यावर चित्रं काढायला बसायचे. तरी घरची अट आपल्याकडच्यासारखीच होती, आधी पोटापाण्याचं बघ. मुलानं चित्रकला शिक्षकाच्या परीक्षा दिल्या, प्रमाणपत्रं मिळवली आणि मगच 1892 मध्ये ॲमस्टरडॅमच्या कला अकादमीत गेला. 'प्री द रोम' या मानाच्या स्पर्धेत दोनदा बसला, 1898 आणि 1901 मध्ये, आणि दोन्हीदा नापास झाला. शिकवण्या, लोकांची व्यक्तिचित्रं, संग्रहालयातल्या चित्रांच्या नकला यांवर दिवस काढले.

त्या काळातली त्याची चित्रं करड्या-हिरव्या-तपकिरी रंगांतली, चारचौघांसारखी आहेत. पण दोन गोष्टी टिपून ठेवण्यासारख्या आहेत. एक म्हणजे त्याला संध्याकाळ आणि चांदणं फार आवडायचं. उजेड कमी झाला की पानं, कौलं, गवत असा बारीकसारीक तपशील विरघळतो आणि नुसते आकार उरतात. दुसरी गोष्ट हॉलंडच्या जमिनीची. आपल्याकडे क्षितिजाला डोंगरांच्या दातऱ्या असतात. तिथे क्षितिज सुतळी ताणल्यासारखं सरळ, आणि त्यावर उभं काय असेल तर एखादी पवनचक्की, चर्चचा मनोरा किंवा झाड. आडवं आणि उभं. त्याच्या आयुष्यभराचा विषय त्याच्या खिडकीबाहेरच होता, असं म्हटलं तरी चालेल.

तीन झाडं

हेगच्या कुन्स्टम्युझियममध्ये मॉन्ड्रियानचा जगातला सगळ्यात मोठा संग्रह आहे. तिथली फक्त तीन चित्रं बघितली तरी बरंच काम होतं. नेटवर सहज मिळतात. एकामागोमाग एक उघडून बघा.

पहिलं 1908 ते 1910 मधलं, 'संध्याकाळ : लाल झाड'. निळ्याशार पार्श्वभूमीवर एक निष्पर्ण झाड, बुंधा आणि फांद्या लालभडक. झाड असं लाल नसतं हे त्यालाही ठाऊक होतं. 1908 पासून तो समुद्रकाठच्या डोंबुर्ख गावी जाऊ लागला होता. तिथे यान टोरोप या चित्रकाराच्या सहवासात त्यानं भडक, न मिसळलेले रंग वापरायचं धाडस केलं. वान गॉगचा परिणामही फटकाऱ्यांत दिसतो. मात्र झाड अजून झाड आहे. बुंधा वाकलाय, फांद्या वाऱ्यात पिंजारल्यात.

दुसरं 1911 मधलं, 'करडं झाड'. रंग गेला. सगळं राखाडी आणि काळं. फांद्या कमानींसारख्या वाकल्यात. गंमत आहे ती फांद्यांच्या मधल्या आकाशात. लाल झाडात आकाश मागे होतं आणि झाड पुढे. इथे फांद्यांमधली पोकळीही तितक्याच जाड, तितक्याच ठाम फटकाऱ्यांनी रंगवली आहे. पुढे काय आणि मागे काय हे सांगता येईनासं होतं.

तिसरं 1912 मधलं, 'बहरलेलं सफरचंदाचं झाड'. नाव वाचलं नाही तर झाड आहे हे कळणार नाही. बुंधा जवळजवळ गायब. उरल्यात त्या फक्त वक्र रेघा, माशाच्या आकारांसारख्या एकमेकींना छेदणाऱ्या, मध्ये दाट आणि कडेकडे विरळ होत जाणाऱ्या. बहर आहे, पण फूल एकही नाही.

चार वर्षांत तीन झाडं. आधी खरा रंग गेला, मग पुढचं-मागचं गेलं, मग वस्तूच गेली. शाळेत वजाबाकी करताना हातचा घेतो, तसं प्रत्येक वेळी काहीतरी काढून टाकलं की उरलेल्याचं बळ वाढतं, हे त्याच्या लक्षात येत होतं.

काढून टाकण्याची कारणं

मे 1909 मध्ये मॉन्ड्रियान थिऑसॉफिकल सोसायटीचा सभासद झाला. इथे मुंबईचा एक धागा येतो. सोसायटीच्या संस्थापक मादाम ब्लाव्हॅट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट 1879 मध्ये मुंबईत येऊन राहिले होते आणि सोसायटीचं मुख्यालय 1882 च्या अखेरीपर्यंत मुंबईतच होतं. नंतर ते मद्रासजवळ अड्यारला गेलं. डोळ्यांना दिसणाऱ्या जगामागे एक न दिसणारी व्यवस्था आहे, आणि माणूस जडाकडून चैतन्याकडे पायरी-पायरीनं चढत जातो, ही त्यांची शिकवण. त्यात हिंदू आणि बौद्ध विचारांची भरपूर उसनवारी होती. कडक प्रोटेस्टंट घरातून बाहेर पडलेल्या या माणसाला ती मानवली.

तिचा पहिला परिणाम मात्र वाईट झाला, असं माझं मत. 1911 च्या सुमाराचं 'उत्क्रांती' हे त्याचं तीन फळ्यांचं चित्र बघा. तीन निळ्या ताठ बायका, बाजूला तारे आणि त्रिकोण. कॅलेंडरवर शोभेल. अध्यात्म चित्रात चिन्हांनी कोंबता येत नाही, हे बहुधा त्यालाही कळलं असावं, कारण पुन्हा तो त्या वाटेला गेला नाही. टिकली ती दुसरीच गोष्ट. उभी रेघ म्हणजे पुरुषतत्त्व, चैतन्य. आडवी रेघ म्हणजे स्त्रीतत्त्व, जड सृष्टी. आणि दोन्ही एकमेकांवाचून अपुरी. त्याच्या स्केचबुकांत या नोंदी आहेत. जंगलातली झाडं उभी, समुद्र आडवा. मराठी वाचकाला इथे पुरुष-प्रकृती आठवणारच. ते पटो न पटो, त्याच्यासाठी आडवी-उभी रेघ कधीच नुसती रेघ नव्हती.

दुसरं कारण पॅरिस. 1911 च्या शरद ऋतूत ॲमस्टरडॅममध्ये एक मोठं प्रदर्शन भरलं आणि त्यात पिकासो आणि ब्राक यांची क्युबिस्ट चित्रं आली. मॉन्ड्रियान स्वतः आयोजकांमध्ये होता. चित्रं बघून त्यानं गाशा गुंडाळला. जमलेलं लग्न मोडलं, पॅरिस गाठलं आणि आडनावातला एक 'ए' काढून टाकला. मूळ डच 'मॉन्ड्रियान'मध्ये शेवटी दोन 'ए' असतात, पॅरिसला एकच. वजाबाकी नावापासून!

क्युबिझम म्हणजे थोडक्यात असं. टेबलावरची बाटली एकाच जागेवरून न बघता चारी बाजूंनी बघायची आणि ते सगळे तुकडे एकाच सपाट कॅनव्हासवर मांडायचे. पण पिकासोच्या चित्रात शेवटी गिटारची तार किंवा बाटलीचं तोंड राहतंच. मॉन्ड्रियानचा नंतरचा आक्षेप हाच होता, की क्युबिस्टांनी दार उघडलं पण स्वतः आत गेले नाहीत. तो गेला. पॅरिसमध्ये जुन्या इमारती पाडल्या जात होत्या. शेजारची इमारत पडली की उरलेल्या भिंतीवर आतल्या खोल्यांचे ठसे उघडे पडतात. इथे गुलाबी वॉलपेपरचा तुकडा, तिथे निळा, मधून वर गेलेलं धुराड्याचं काळं तोंड. आपल्याकडे वाडे पाडतात तेव्हा दिसतं ना, अगदी तसंच. या भिंती त्यानं पुन्हा पुन्हा रेखाटल्या. 1913-14 च्या चित्रांतली फिकट रंगांची आडवी-उभी घरं पुष्कळशी या पडक्या भिंतींतून आली आहेत.

समुद्रावर अधिक-उणे

1914 च्या उन्हाळ्यात आजारी वडिलांना भेटायला तो हॉलंडला आला आणि महायुद्ध सुरू झालं. वडील 1915 मध्ये गेले. पॅरिसला परतायला 1919 उजाडलं. ही पाच वर्षं अडकून पडण्याची. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचीही हीच.

डोंबुर्खला समुद्रात घुसलेले लाकडी बांध आहेत. त्या बांधाजवळून समुद्र बघत त्यानं 'धक्का आणि सागर' नावाची रेखाटनं केली आणि त्यातून 1915 चं 'कॉम्पोझिशन 10' झालं. ते आता नेदरलँड्सच्याच क्रोलर-म्युलर संग्रहालयात आहे. पांढऱ्यावर काळ्या आखूड रेघा, आडव्या आणि उभ्या, कुठे एकमेकींना छेदून अधिकचं चिन्ह झालेलं, कुठे नुसतं उण्याचं. खालच्या बाजूला मध्यावर उभ्या रेघांची गर्दी आहे, तो धक्का. बाकी सगळं पाणी. जरा वेळ बघत राहिलं की चिन्हं लुकलुकायला लागतात, पाण्यावर चांदणं हलावं तशी. समुद्र दाखवलेला नाही, पण समुद्राकडे बघताना डोळ्याला जे होतं ते होतं.

याच काळात लारेन गावी त्याला दोन माणसं भेटली. शूनमाकर्स हा माजी पाद्री आडव्या-उभ्या शक्तींचं आणि लाल, पिवळा, निळा या तीन रंगांचं गूढ तत्त्वज्ञान सांगायचा. बार्ट वान डेर लेक हा चित्रकार सपाट, शुद्ध रंगाचे पट्टे काढायचा. मग तेओ वान डूसबुर्ख या खटपट्या माणसानं ऑक्टोबर 1917 मध्ये 'द स्टाइल' हे मासिक काढलं आणि मॉन्ड्रियान त्यात लांबलचक, वाचायला जड असे लेख लिहू लागला. आपल्या पद्धतीला त्यानं नाव दिलं 'नवी घडण'. फ्रेंचमधून जगभर गेलं ते 'निओप्लास्टिसिझम'.

नाव मिळालं तरी चित्र अडलं होतं. 1917 मध्ये त्यानं पांढऱ्यावर रंगीत चौकोन मांडले, तर ते तरंगायला लागले. चौकोन पुढे, पांढरं मागे. म्हणजे लाल झाडाच्या वेळचीच अडचण परत दारात. मग चौकोनांना रेघांनी जोडून बघितलं. 1919 मध्ये तर दुसरं टोक गाठलं. पूर्ण कॅनव्हासवर बुद्धिबळाच्या पटासारखी 16 गुणिले 16 सारखी घरं पाडली आणि ती रंगवली. पुढे-मागे हा प्रश्न सुटला, पण आता सगळी घरं एका मापाची, म्हणजे ताल ठरलेला, घड्याळाची टिकटिक. तेही सोडलं.

तोडगा निघाला पॅरिसला परतल्यावर, 1920-21 च्या सुमाराला. घरं लहान-मोठी, रेघा काळ्या आणि ठसठशीत, रंग फक्त लाल, निळा, पिवळा, जोडीला पांढरा, काळा, करडा. कोणतीही बाजू दुसरीचं प्रतिबिंब नसायची. रंग बहुतेकदा कडेला ढकललेले आणि मध्यभागी रिकामं पांढरं. हिरवा का नाही? तो दोन रंगांच्या मिश्रणातून होतो, आणि पानांची आठवण देतो.

अंगठ्याचा प्रयोग

आता झ्युरिकच्या कुन्स्टहाउसमधलं 1930 चं लाल-निळं-पिवळं चित्र मोबाइलवर उघडा. खरं चित्र जेमतेम 46 सेंटिमीटर चौरस आहे, कॅरमबोर्डापेक्षा बरंच लहान. उजवीकडे वर मोठा लाल चौकोन, त्यानं जवळजवळ सगळं बळकावलंय. डावीकडे खाली छोटा निळा. उजव्या कोपऱ्यात तळाला पिवळ्याची चीप.

निळ्यावर अंगठा ठेवा. लाल चौकोन उजवीकडे वर निसटून चाललाय असं वाटतं ना? अंगठा काढा, परत जागेवर येतो. निळा आकारानं लहान आहे, पण रंगानं गडद आणि जड, आणि बसलाय नेमका समोरच्या कोपऱ्यात. भाजीवालीच्या तराजूत एका पारड्यात मोठा पालक आणि दुसऱ्यात लहानसं वजन असावं, तसा प्रकार. दोन्ही पारड्यांत सारखाच माल असता तर तोल झाला असता, पण बघण्यासारखं काही उरलं नसतं. आता रेघा बघा. डावीकडची आखूड आडवी रेघ बाकीच्यांपेक्षा जाड आहे. तेवढ्या जाडीनं त्या बाजूला जरा वजन येतं.

यामागे गणित किंवा सूत्र होतं असं पुष्कळांना वाटतं. तसं नव्हतं. तो कोळशानं रेघ ओढायचा, लांब जाऊन बघायचा, पुसायचा, बोटभर सरकवायचा, परत बघायचा. एकेका चित्राला महिनेच्या महिने लागायचे. खऱ्या चित्राजवळ उभं राहिलं की हे दिसतं. छापील प्रतीत सपाट वाटणारं पांढरं प्रत्यक्षात थरांवर थर दिलेलं आहे. एका घरातलं पांढरं निळसर, दुसऱ्यातलं जरा उबदार, फटकारे एका घरात आडवे तर शेजारी उभे. काळ्या रेघा पांढऱ्यापेक्षा किंचित खोल बसल्यासारख्या वाटतात. काही चित्रांत रेघ कॅनव्हासच्या कडेला टेकण्याआधीच थांबते. जिन्याच्या जाळीत हे नसतं, काका.

पॅरिसच्या र्यू द्यू देपार रस्त्यावर 26 नंबरच्या घरात त्याचा स्टुडिओ होता. भिंतींवर रंगीत पुठ्ठ्याचे चौकोन टाचलेले आणि तेही तो सतत हलवायचा. एका फुलदाणीत नकली फूल, त्याचं हिरवं पान पांढऱ्या रंगानं रंगवून टाकलेलं. आंद्रे केर्तेझच्या 1926 च्या प्रसिद्ध फोटोत ते दिसतं. विरोधाभास असा, की हाच माणूस घरभाड्यासाठी फुलांची जलरंगातली चित्रं काढून विकत होता, कारण चौकोनांना गिऱ्हाईक नव्हतं. 2022 मध्ये याच वळणाचं 1930 चं एक चित्र न्यूयॉर्कच्या लिलावात 5 कोटी 10 लाख डॉलरला गेलं.

वान डूसबुर्खशी त्याचं बिनसलं ते तिरक्या रेघेवरून. वान डूसबुर्खला वाटलं, आडवं-उभं फार स्थिर आहे, तिरकी रेघ आणू. मॉन्ड्रियानसाठी हा मुळावरच घाव होता. 1925 च्या आसपास तो 'द स्टाइल'मधून बाहेर पडला. स्वतः त्यानं कॅनव्हास पतंगासारखा कोनावर उभा केला, पण आतल्या रेघा आडव्या-उभ्याच ठेवल्या. ही माणसं भांडायची तेही कोनावरून!

न्यूयॉर्कचा ठेका

त्याला कोरडा संन्यासी समजू नका. नाचायचा त्याला भारी शौक. 1926 मध्ये हॉलंडमध्ये चार्ल्सटन नाचावर बंदीची भाषा सुरू झाली, तेव्हा तसं झालं तर आपण मायदेशी परतणारच नाही असं त्यानं वर्तमानपत्राला सांगितलं होतं.

1937 मध्ये नाझींनी आधुनिक कलेची टिंगल करायला भरवलेल्या म्युनिकच्या 'विकृत कला' प्रदर्शनात त्याचीही चित्रं टांगली. 1938 मध्ये तो लंडनला गेला. तिथे बॉम्ब पडू लागल्यावर 1940 मध्ये न्यूयॉर्कला. वय 68. तिथे त्यानं बुगी-वुगी हा पियानोवरचा जॅझ प्रकार ऐकला आणि वीस वर्षं जपलेल्या काळ्या रेघाच काढून टाकल्या. या टप्प्यावर त्याला रंगीत चिकटपट्टी सापडली. कोळसा पुसत बसायला नको. पट्टी लावा, उचला, सरकवा. ड्युसेलडॉर्फचं ते उलटं चित्र याच दिवसांतलं, अपुरं राहिलेलं. त्याच्या पॅरिसमधल्या भावंडात पिवळ्या, लाल, निळ्या पट्ट्या ताण्या-बाण्यासारख्या एकमेकींच्या वरून-खालून जातात. 1942-43 च्या 'ब्रॉडवे बुगी वुगी'मध्ये तर रेघाच तुटल्यात. पिवळ्या पट्ट्यांवर लाल, निळे, करडे ठिपके टक-टक-टक धावतात, चौकाचौकात थबकतात, पुन्हा सुटतात.

शेवटचं चित्र 'व्हिक्टरी बुगी वुगी'. जानेवारी 1944 मध्ये ते जवळजवळ झालं होतं. मग त्यानं परत त्यावर कागदाचे आणि चिकटपट्टीचे तुकडे लावायला घेतले, आधी जमलेलं सगळं विस्कटून. 1 फेब्रुवारीला तो न्युमोनियानं गेला. 1998 मध्ये डच लोकांनी हे चित्र 8 कोटी गिल्डर (तिथलं तेव्हाचं चलन) मोजून मायदेशी आणलं, आणि एवढ्या पैशांवरून तिथे बराच गदारोळही झाला. हेगमध्ये लाल झाड आहे त्याच संग्रहालयात ते आहे. त्यावरचे कागदाचे तुकडे त्यानं डकवले तसेच आहेत.